व्हिनेगर की लिंबूफूल? दख्खनच्या झिओलाइटसाठी घरातलं आम्ल निवडताना

वाघोली, जळगाव किंवा राहुरीकडच्या खाणीतला झिओलाइटचा, म्हणजे बसाल्ट या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत वाढणाऱ्या आणि आत पाणी धरून ठेवणाऱ्या स्फटिक खनिजांचा, नमुना घरी आला की आधी तो साध्या पाण्यात जातो. नळाचं पाणी, भांड्यांच्या लिक्विडचे एक-दोन थेंब, रात्रभर भिजवण आणि सकाळी लहान मुलांच्या मऊ टूथब्रशने हलकासा हात. क्रशरची करडी धूळ आणि भेगांत बसलेली लाल माती एवढ्यानेच सुटते. बऱ्याच नमुन्यांना याच्यापुढे काही करायची गरज नसते, आणि ज्यांचं इथेच भागतं त्यांनी पुढचं वाचून हात शिवशिवू देऊ नयेत, अशी विनंती.

अडचण येते ती उरलेल्यांची. ॲपोफायलाइट या झिओलाइटबरोबर सापडणाऱ्या खनिजाच्या पायथ्याशी घट्ट चिकटलेलं कॅल्साइटचं, म्हणजे चुन्याच्या खनिजाचं, कवच, किंवा स्टिल्बाइट या झिओलाइटच्या पात्यांवर दुधावरच्या सायीसारखा धरलेला चुन्याचा पापुद्रा, हे ब्रशला दाद देत नाही. जोर केला तर कॅल्साइटच्या आधी स्टिल्बाइटच तुटतं, कारण दोघांच्या कठीणपणात फार फरक नाही. मग आम्लाचा विचार येतो, आणि स्वयंपाकघरात त्यासाठी दोनच गोष्टी सहज मिळतात. एक, चायनीजच्या बाटल्यांशेजारी उभं असलेलं पांढरं व्हिनेगर. दुसरं, ढोकळ्यासाठी आणलेलं लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड. यांतलं कोणतं घ्यावं, असं मला अधूनमधून विचारलं जातं. मी दोन्ही पुष्कळ वापरली आहेत, आणि माझा कल कुठे आहे हे पुढे कळेलच.

कागदावर पाहिलं तर लिंबूफुलाचं पारडं जड आहे. पुडी स्वस्त, वर्षानुवर्षं टिकणारी, हवं तेवढंच पाण्यात विरघळवून वापरता येणारी. वास नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी ही बाब छोटी नाही, कारण व्हिनेगरचा टब बाल्कनीत ठेवला तरी शेजाऱ्यांपर्यंत खबर जाते. शिवाय सायट्रिक ॲसिड लोहाला धरून ठेवतं, त्यामुळे गंजासारखे पिवळे-तांबूस डाग त्याने जास्त चांगले निघतात. व्हिनेगर इथे फारच तोकडं पडतं. ते बाटलीतच साधारण ४ टक्क्यांचं येतं, मोठा नमुना बुडवायचा तर बाटल्यांवर बाटल्या लागतात आणि काम सावकाश होतं. घाई असलेल्या माणसाला हे पटणार नाही, ते मी समजू शकतो.

तरीही झिओलाइटच्या नमुन्यांसाठी माझ्या हातात व्हिनेगरची बाटली येते. कारण एकच, पण ते जरा नीट सांगतो.

लिंबूफुलाच्या पाण्यात नमुना बुडालेला असतो तेव्हा सगळं छान दिसतं. सुरुवातीला बुडबुडे जोरात येतात, कवच पातळ होतं, कडा मोकळ्या होतात. बाहेर काढून स्वच्छ पाण्याने धुतला, तरी ओला असेपर्यंत तो लखलखीत दिसतो. मग तो वाळतो. वाळल्यावर पात्यांच्या मधल्या फटींत, स्फटिक जिथे बसाल्टमधून वर येतात त्या कोपऱ्यांत, एक बारीक पिठूळ पांढरेपणा उभा राहतो. नुसत्या डोळ्यांना तो फक्त मळकट वाटतो. दहापट भिंगाखाली पाहिलं की कळतं, हा आधीचा चुना नव्हे. हा नवा थर आहे आणि तो आपणच बसवला आहे. पुन्हा ताज्या आम्लात टाकलं की गायब होतो, धुवून वाळवलं की परत हजर. हा खेळ मी तुटक्या तुकड्यांवर मुद्दाम पुन्हा पुन्हा करून पाहिला आणि दर वेळी निकाल जवळपास तोच आला.

यामागचं रसायन सोपं आहे. सायट्रिक ॲसिडने कॅल्साइट विरघळलं की कॅल्शियम सायट्रेट तयार होतं, आणि ते पाण्यात फारसं विरघळत नाही. एका लिटरमध्ये जेमतेम १ ग्रॅमच्या आसपास. द्रावण आंबट असेपर्यंत ते तग धरतं. आपण धुवायला लागलो, आम्ल निघून गेलं, की ते साक्यासारखं खाली बसतं, आणि बसतं ते नेमकं जिथे पाणी अडून राहतं तिथे. व्हिनेगरमधून तयार होणारं कॅल्शियम ॲसिटेट मात्र एका लिटरमध्ये ३०० ग्रॅमहूनही जास्त विरघळतं. म्हणजे धुण्याच्या पाण्याबरोबर ते निमूट निघून जातं. दोन्ही आम्लं कॅल्साइट काढतात. फरक पडतो तो मागे काय उरतं त्यात.

यावर नेहमीचा उपाय सुचवला जातो तो गरम पाण्याने धुण्याचा. तो इथे उलटा पडतो. कॅल्शियम सायट्रेट त्या मोजक्या पदार्थांपैकी आहे जे तापमान वाढलं की कमी विरघळतात. वर गरम पाण्याने झिओलाइटला जो झटका बसतो तो वेगळाच. ॲपोफायलाइट आडव्या पातळीत इतकं सहज दुभंगतं की थंड नमुना एकदम गरम पाण्यात टाकणं म्हणजे त्याला तडा द्यायला बोलावणं. त्यामुळे गरम पाणी मी या कामातून पूर्ण वगळलं आहे.

सायट्रेटचा थर बुडबुड्यांच्या खेळातही फसवतो. लिंबूफुलात बुडबुडे थांबले म्हणजे कॅल्साइट संपलं असं आपण धरून चालतो, पण बरेचदा कवचावर सायट्रेटची पातळ आवरणं चढलेली असतात आणि आतलं कॅल्साइट तसंच राहिलेलं असतं. व्हिनेगरचे बुडबुडे मंद असतात, पण माझ्या अनुभवात ते जास्त खरं बोलतात. ताज्या व्हिनेगरमध्ये बुडबुडे येणं बंद झालं, तर पृष्ठभागावरचं कॅल्साइट बहुतेक संपलेलं असतं.

इथे एक शक्यता प्रामाणिकपणे मांडायला हवी. पांढरा थर दरवेळी सायट्रेटचाच असेल असं नाही. बोअरवेलचं जड पाणी नुसतं वाळलं तरी असाच थर देतं, आणि त्याचा ठपका आम्लावर बसतो. तपासायची रीत सोपी: ज्या पाण्याने नमुना धुतला त्याचे दोन थेंब स्वच्छ काचेवर वाळू द्या. काचेवर पांढरं कडं उमटलं, तर दोष पाण्याचा. शेवटची धुलाई तुम्ही आरओच्या पाण्याने किंवा गॅरेजमध्ये मिळणाऱ्या बॅटरीच्या डिस्टिल्ड पाण्याने करत असाल तर ही शंका उरत नाही. मी तर पावसाळ्यात गच्चीवर धरलेलं पाणी याच कामासाठी बाजूला ठेवतो.

आता दुसरी बाजू, जी मला थराइतकीच महत्त्वाची वाटते, ती चकाकीची. ॲपोफायलाइटचा वरचा सपाट चेहरा मोतिया चकाकीचा असतो. नमुन्याची अर्धी किंमत त्या चेहऱ्यात असते, आणि आम्ल सर्वांत आधी तोच खातं. ॲपोफायलाइट, स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइट हा आणखी एक झिओलाइट, ही सगळी तीव्र आम्लात फुटून जाणारी खनिजं आहेत. सौम्य आम्लात तेच हळूहळू घडतं. चेहरा आधी किंचित धुरकट होतो, मग काचपेपर फिरवल्यासारखा निस्तेज. हे परत येत नाही, तेल लावून नाही आणि पॉलिश करून तर मुळीच नाही. सायट्रिक ॲसिड रसायन म्हणून ॲसिटिकपेक्षा अधिक तीव्र आहे, आणि पुडीतून चमच्याने घातलं जातं म्हणून द्रावण हवं त्याहून कडक होण्याची शक्यता नेहमीच जास्त. व्हिनेगरच्या दुबळेपणाची मी आधी तक्रार केली खरी, पण इथे तोच कामाला येतो: चूक होण्याआधी थांबायला वेळ मिळतो. बेताच्या पातळ लिंबूफुलात थोडा वेळ ठेवलेला ॲपोफायलाइटही मला ठीक दिसला आहे, हे नोंदवून ठेवतो. पण तो 'बेत' दर वेळी साधेल याची खात्री मला वाटत नाही.

ही चकाकी इतकी जपायची कशासाठी, असं कुणाला वाटेल. पाषाणच्या खाणींतलं हिरवं ॲपोफायलाइट आता नव्याने मिळत नाही. त्या खाणी बंद झाल्या आणि पुणं त्यांच्यावरून पुढे गेलं. मालाड-कांदिवलीच्या बाजूला जिथून प्रेह्नाइट हे खनिज निघायचं तिथे आज वस्ती आहे. १८६३ मध्ये सुरू झालेल्या बोरघाटातल्या रेल्वेमार्गाच्या खोदकामात निघालेले झिओलाइट ब्रिटनमधल्या संग्रहालयांत जाऊन बसले. आपल्याकडे जे नमुने घराघरांत उरले आहेत त्यांतले कित्येक असे आहेत की त्यांची जागा दुसरा नमुना घेऊ शकत नाही. न खाल्लेला चेहरा कसा दिसतो हे डोळ्यांत भरून घ्यायचं असेल तर सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात एक चक्कर जरूर मारा. तिथले ॲपोफायलाइट पाहून आल्यावर, बाजारात आम्लाने धुतलेला नमुना ओळखायला भिंग काढावं लागत नाही.

व्हिनेगर निवडलंत तर मी ते कसं वापरतो ते सांगतो. नमुना आधी साध्या पाण्यात काही तास भिजू द्यायचा. बसाल्टची छिद्रं आणि झिओलाइटच्या फटी पाण्याने भरल्या की आम्ल खोल ओढलं जात नाही, वरवर काम करतं. मग व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून प्लास्टिकच्या डब्यात नमुना अशा रीतीने ठेवायचा की चांगला चेहरा वर आणि शक्यतो पाण्याबाहेर राहील. कवच पायथ्याशी असेल तर हे जमतं, आणि जमेल तिथे करावंच. कवच फारच लहान असेल तर बुडवूच नये. सिरिंजने थेंब थेंब सोडावा आणि लगेच धुवावं. पहिल्या वेळी नजर डब्यावरच ठेवा, टीव्ही लावून बसू नका. थोडं सुटलं की काढा, बांबूच्या काडीने खरवडा, गरज असेल तर पुन्हा बुडवा. लाकडी दातकोरणंही चालतं. सुई किंवा पिन मात्र नको, ती ॲपोफायलाइटवर रेघ ओढते.

आम्लात जितका वेळ ठेवलं त्याच्या कित्येक पट वेळ साध्या पाण्यात ठेवायचं, आणि पाणी बदलत राहायचं. उरलेलं आम्ल मारण्यासाठी खायचा सोडा घालणारे बरेच आहेत, मीही घालतो, पण क्रम महत्त्वाचा. आधी दोन-तीन पाण्यांनी नीट धुऊन मगच सोड्याचं पाणी. नमुन्यावर विरघळलेलं कॅल्शियम शिल्लक असताना सोडा पडला तर पुन्हा चुना साकळतो आणि केलेलं काम वाया जातं. सोड्यानंतर परत साधं पाणी, शेवटी डिस्टिल्ड. वाळवायचं सावलीत, पंख्याखाली. उन्हात किंवा ओव्हनमध्ये नाही: स्टिल्बाइटच्या वजनाचा साधारण सहावा हिस्सा पाणीच असतो, आणि उष्णतेने ते जायला लागलं की स्फटिक दुधाळ होतात.

अर्थात काही नमुने असे आहेत की त्यांच्यासाठी दोन्ही बाटल्या कपाटातच राहाव्यात. ओकेनाइट या खनिजाचे पांढरे गोळे पाण्याने नुसते भिजले तरी त्यांचे केसांसारखे तंतू एकमेकांना चिकटून बसतात. त्यांना फक्त फुंकर, तीही कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी मिळणाऱ्या रबरी ब्लोअरची. स्कोलेसाइट, मेसोलाइट आणि मॉर्डेनाइटच्या बारीक सुया ब्रशने तुटतात. वाघोलीचं निळं कॅव्हनसाइट मी आम्लाजवळही नेत नाही. ते बहुतेक स्टिल्बाइटवर बसलेलं असतं आणि जे मिळालं आहे ते तसंच असू द्यावं. लॉमोंटाइट तर कोरड्या हवेत आपोआप भुगा होतं, त्याला धुणं हा प्रश्नच नाही. आणि कॅल्साइट स्वतःच नमुन्याचा राजा असेल, मोठे मधाळ स्फटिक असतील, तर आम्लाचा विचार मनात आणूच नका. एक वेळ कवच राहिलं तर चालेल.

अजून एक सांगतो, कारण यावरून गैरसमज होतात. ह्यूलँडाइटच्या आत किंवा कॅल्सेडनीच्या (क्वार्ट्झच्याच जातीचा दगड) पृष्ठभागावर दिसणारी हिरवी माती, सेलाडोनाइट, ही घाण नाही. ती खडकाच्या पोकळीत झिओलाइटच्या आधीच तयार झालेली असते आणि नमुना कुठून आला याची खूण असते. तिला घासून काढणं म्हणजे अर्धी माहिती पुसून टाकणं.

टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच यांविषयी थोडक्यात, कारण त्यांत निवडण्यासारखं फार नाही. बाजारातल्या बऱ्याच टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं; ते स्टिल्बाइट आणि ॲपोफायलाइटची वाट लावतं आणि वर रंग सोडतं. ब्लीचने शेवाळ जातं, लोहाचे डाग किंवा चुना जात नाही. आणि ब्लीचच्या जवळपास कोणतंही आम्ल, व्हिनेगरसुद्धा, ठेवू नका. क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. ऑक्झॅलिक ॲसिड गंजासाठी प्रसिद्ध आहे, पण ते विषारी आहे आणि कॅल्शियमबरोबर न विरघळणारा पांढरा थर देतं, म्हणजे ज्या त्रासामुळे मी लिंबूफुलापासून दूर राहतो तोच त्रास दुप्पट.

मग लिंबूफुलाची पुडी ठेवायचीच नाही का? ठेवायची, आणि मीही ठेवतो. औरंगाबाद-जळगावकडच्या गारगोटीच्या पोकळ्यांत, जिथे वर फक्त क्वार्ट्झ, ॲमेथिस्ट किंवा कॅल्सेडनी आहे आणि गंजाचे पिवळे ओघळ उतरले आहेत, तिथे लिंबूफूल उत्तम काम करतं. ही सगळी सिलिकाच, ती त्याच्याने खराब होत नाही, लोह सावकाश निघतं, आणि रात्रभर ठेवलं तरी काळजी नाही. फक्त पोकळीच्या तळाशी कॅल्साइटचे किंवा ह्यूलँडाइटचे छोटे स्फटिक लपलेले असतात. भिंगाने एकदा नीट शोधा. सापडले तर मी पुन्हा व्हिनेगरकडे वळतो, नाही सापडले तर लिंबूफूल. खाणीवर फेकून दिलेल्या तुकड्यांतले चार बरोबर घेऊन या, दोन्ही आम्लं त्यांच्यावर तुमच्या नळाच्या पाण्यासह करून पाहा, आणि दोन दिवस वाळल्यावर भिंगाखाली ठेवा. माझं पारडं व्हिनेगरकडे झुकतं ते दख्खनच्या झिओलाइटपुरतं. तुमच्या कपाटात क्वार्ट्झ जास्त असेल तर तुमचा निकाल वेगळा लागू शकतो.